स्प्लिट एसी बसवताना आणि वापरताना: पहिल्यांदा एसी घेणाऱ्यांसाठी

घरातला एसी नीट थंड करत नाही, भिंतीवर पाणी उतरतं, दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो, ही गाऱ्हाणी नेहमीची. त्यातली बरीचशी मशीनमधल्या दोषाची नसतात. बसवण्याच्या दिवशी केलेल्या घाईची ती फळं असतात. कारखान्यातून आलेलं मशीन अर्धवटच असतं. खोलीतलं युनिट (इनडोअर) आणि बाहेरचं युनिट (आउटडोअर) तांब्याच्या नळ्यांनी जोडून, आतली हवा काढून, पाण्याला वाट करून दिल्यावर ते पूर्ण होतं, आणि हे काम तुमच्या घरात, बहुतेक वेळा दीड-दोन तासांत उरकलं जातं. ते काम टेक्निशियनच करणार आहे. तरी शेजारी उभं राहून काय बघायचं, कुठे थांबवायचं आणि नंतरची देखभाल स्वतः कितपत करायची, हे माहीत असलं की पुढची पाच-सात वर्षं सुखात जातात.

इथे १ ते १.५ टनाचा, भिंतीवरचा, आर-३२ या थंडावा देणाऱ्या गॅसवर चालणारा इन्व्हर्टर (कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे बदलणारा) स्प्लिट एसी गृहीत धरला आहे. सध्या घरोघरी बहुतेक हाच बसतो. काही मॉडेलमध्ये आर-२९० असतो, म्हणजे प्रोपेन. त्याची ज्वलनशीलता बरीच जास्त असल्याने त्याचं काम कंपनीच्या प्रशिक्षित माणसाखेरीज कोणालाही देऊ नका.

मशीन आणण्याआधी

टनेजवर, म्हणजे थंड करण्याच्या क्षमतेवर, फार वेळ घालवायला नको. साधारण १०० ते १२० चौरस फुटांच्या खोलीला १ टन, १५० ते १८० ला दीड टन. वरचा मजला असेल, डोक्यावर उघडा स्लॅब तापत असेल किंवा पश्चिमेची मोठी खिडकी असेल तर एक पायरी वर जा. उगाच मोठा घेतला तर खोली पटकन गार होते, कॉम्प्रेसर मंदावतो आणि हवेतला दमटपणा तसाच राहतो. मुंबईत आणि कोकणात हे विशेष जाणवतं: अंगाला गार लागतं, पण चादर चिकट ती चिकटच.

यापेक्षा वायरिंगकडे लक्ष द्या. एसीला मीटरबोर्डजवळच्या डीबीपासून (घरभर वीज वाटणाऱ्या बोर्डापासून) स्वतंत्र लाइन हवी. त्या लाइनवर गिझर नको, मायक्रोवेव्ह नको. वायर तांब्याची, ४ चौरस मिमी. अंतर कमी असेल तर २.५ सुद्धा चालते, पण भिंत एकदाच फुटणार असते, तेव्हा ४ टाकून मोकळं व्हावं. एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) सी-कर्व्ह प्रकारचा, १६ किंवा २० अँपिअरचा; नेमका आकडा मशीनवर चिकटवलेल्या माहितीच्या पाटीवरच्या कमाल करंटवरून ठरवा. त्याच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) असावा. पाणी, धातू आणि वीज एकाच खोक्यात असणाऱ्या यंत्राला तो हवाच.

अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन्ही व्होल्टेज जवळपास सारखे यायला हवेत आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. एवढ्यावरून अर्थिंग उत्तम आहे असं सिद्ध होत नाही, पण ते मुळातच नसेल तर लगेच कळतं. जुन्या चाळींत आणि वाड्यांत तीन पिनांच्या सॉकेटमागे अर्थची वायरच नसणं सर्रास आढळतं. शिवाय वीज कनेक्शनचा मंजूर भार बघा. दीड टनाचा एसी पूर्ण जोरावर साधारण दीड ते पावणेदोन किलोवॅट ओढतो. दोन एसी आणि एक गिझर झाले की एक-दोन किलोवॅटचं जुनं कनेक्शन पुरत नाही. भार वाढवण्याचा अर्ज आधीच करून ठेवा.

‘स्टॅबिलायझर-फ्री’ याचा अर्थ पाटीवर दिलेल्या व्होल्टेजच्या पट्ट्यात मशीन चालतं, इतकाच. शहरात बहुधा ते पुरतं. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज १५०च्या खाली जात असेल किंवा वीज परत येताना जोरात उसळी मारत असेल, तर दीड टनाला ४ केव्हीएचा स्टॅबिलायझर लावावा.

इनडोअरची जागा

जमिनीपासून सव्वादोन मीटरच्या आसपास उंची, छतापासून १५ सेमी आणि दोन्ही बाजूंना १२ ते १५ सेमी मोकळं. मशीन हवा वरून ओढतं. पीओपीच्या खाचेत ते छताला चिकटवून बसवलं की सोडलेली गार हवाच परत आत खेचली जाते, सेन्सरला खोली गार झाल्यासारखी वाटते आणि तुम्ही खाली घामाघूम. वर पेल्मेट किंवा पडद्याचा रॉड येत असेल तर जागा बदला.

पलंगावर थेट झोत येईल अशी जागा टाळा. टीव्ही, स्विचबोर्ड किंवा घरच्या वीज-इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या बरोबर वरही नको. कधी ना कधी पाणी ठिबकणारच, तेव्हा ते कुठे पडेल हा विचार आधी करा. देवघर आणि स्वयंपाकघरही लांब असलेलं बरं. धुपाचा धूर आणि फोडणीचा तेलकटपणा कॉइलवर (आतल्या गार नळ्यांच्या जाळीवर) असा थर करतो की तो नुसत्या पाण्याने निघत नाही.

जागा ठरवताना खरा विचार करायचा तो ड्रेनचा, म्हणजे मशीनमधलं पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपचा. ज्या भिंतीतून पाणी उतारावर बाहेर जाऊ शकेल, ती भिंत पहिली पसंती. आतल्या भिंतीवर बसवून पाच-सहा मीटर ड्रेन फिरवणं म्हणजे पुढच्या कटकटीला आमंत्रण.

आउटडोअर: हवा आणि उंची

आउटडोअरच्या मागे निदान १५ ते ३० सेमी आणि पुढे, पंख्यासमोर, ७० सेमी तरी मोकळी जागा हवी. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये नेमकं हेच हुकतं. ड्राय बाल्कनीच्या कोपऱ्यात, बॉक्स ग्रिलमध्ये किंवा बिल्डरने दिलेल्या जाळीदार पट्ट्यांमागे मशीन कोंबलं जातं. गरम हवा पट्टीला आपटून परत मागून आत शिरते, दाब वाढतो आणि एप्रिलच्या दुपारी मशीन आपोआप मंदावतं किंवा बंदच पडतं. मग ‘गॅस कमी आहे’ असं निदान होतं. समोरच्या पट्ट्या काढता येत नसतील तर निदान पंख्याच्या तोंडाशी येणाऱ्या तरी काढा, सोसायटीला विचारून.

मशीनचं वजन २५ ते ३५ किलो. ब्रॅकेटच्या प्रत्येक बाजूला किमान दोन अँकर फास्टनर, १० मिमीचे. काँक्रीट किंवा भक्कम विटेच्या भिंतीत ते धरतात. नव्या इमारतींत भिंती हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या असतात. त्यांत साधा अँकर कंपनांनी सैल होतो. तिथे भिंतीच्या आरपार बोल्ट घालून आतून मोठी पट्टी लावावी किंवा ब्रॅकेट बीमवर घ्यावा. मशीनच्या पायांखाली रबराचे पॅड हवेत, नाहीतर रात्रभर भिंत घुमते. समुद्रकिनाऱ्याजवळ ब्रॅकेट गॅल्व्हनाइज्ड आणि नट-बोल्ट स्टेनलेसचे घ्या. रंग मारलेलं साधं लोखंड अलिबाग-रत्नागिरीकडच्या खाऱ्या हवेत फार टिकत नाही, आणि ते सडलेलं खालून दिसतही नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खिडकीबाहेर छज्जावर उतरून काम करायचं असेल तर माणसाच्या अंगावर पूर्ण शरीराचा हार्नेस (सुरक्षा पट्टा) हवा आणि त्याचा दोर घरातल्या पक्क्या आधाराला बांधलेला हवा. खिडकीचं ग्रिल हा आधार नव्हे. चार स्क्रूंवर लटकणारी ती चौकट पडणाऱ्या माणसाचं वजन पेलत नाही. पट्टा आणलेला नसेल तर काम दुसऱ्या दिवसावर ढकला. ‘आमची सवय आहे’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. छज्जाला तडे दिसत असतील तर त्यावर माणूसही उभा करू नये आणि मशीनही ठेवू नये.

भोक, पाटी आणि ड्रेन

इनडोअरमागची पत्र्याची पाटी पाणसळ लावून बसवायची. ती एकदम सरळ असावी किंवा ड्रेनच्या बाजूला दोन-तीन मिमी झुकलेली. जास्त झुकवली तर ट्रेच्या दुसऱ्या टोकाचं गणित बिघडतं आणि पाणी पुढून ठिबकतं. निदान पाच-सहा ठिकाणी स्क्रू घट्ट हवेत. प्लॅस्टरमध्येच फिरणारा स्क्रू दिसला तर लगेच जागा बदलायला सांगा.

भिंतीतलं भोक ६५ मिमीच्या आसपास, कोअर कटरने पाडलेलं. छिन्नी-हातोड्याने पाडलेलं भोक आत वेडंवाकडं असतं आणि पाइप तिथे दबतो. भोकाचा बाहेरचा भाग आतल्यापेक्षा ५ ते १० मिमी खाली हवा, म्हणजे पाणी बाहेर जाईल आणि पावसाचं आत येणार नाही. भोक पाडण्याआधी त्या भिंतीतून वायर किंवा पाण्याचा पाइप जात नाही ना हे बघा. बीम किंवा कॉलममध्ये भोक पाडू देऊ नका, अगदी दहा मिनिटांचं काम वाचत असलं तरी.

नळ्या, वायर आणि ड्रेन एकत्र टेपमध्ये गुंडाळतात. त्या गुंडाळीत ड्रेन पाइप सर्वांत खाली यायला हवा. तो वर राहिला की भोकात उंचवटा तयार होतो आणि पाणी आतच तुंबतं. पुढे दर मीटरला निदान १ सेमी उतार, कुठेही झोळ नाही, कुठेही वर चढ नाही. झोळात साचलेल्या पाण्यात शेवाळासारखा बुळबुळीत थर वाढतो आणि एक दिवस पावसाळ्यात मशीन भिंतीवर पाणी सोडतं.

पाइपचं तोंड बादलीतल्या किंवा गटारातल्या पाण्यात बुडालेलं नसावं, पाण्यापासून पाचेक सेमी वर मोकळं असावं. ते बुडालं की आत हवा अडकते आणि पाणी उतरत नाही. बाथरूममध्ये सोडायचं असेल तर नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीच्या) वर उघडं सोडा. सांडपाण्याच्या पाइपला थेट जोडलं तर खोलीत घाण वास येतो आणि झुरळांना नवा रस्ता मिळतो. दमट हवेत दीड टनाचं मशीन तासाला लिटरभर, कधी त्याहूनही जास्त पाणी काढतं. ते खालच्या मजल्याच्या खिडकीवर ठिबकणार असेल तर सोसायटीतलं पहिलं भांडण ठरलेलं.

मशीन चालू करण्याआधी पुढचं झाकण उघडून कॉइलवर बाटलीने हळूहळू एक-दीड लिटर पाणी ओता. ते बाहेरच्या टोकाला धारेने यायला हवं. थेंब थेंब आलं तर उतार कुठेतरी चुकलाय. या चाचणीला पाच मिनिटं लागतात आणि ती क्वचितच केली जाते. तुम्हीच आग्रह धरा.

नवं घर असेल आणि नळ्या भिंतीत गाडायच्या असतील तर ड्रेनला २५ मिमीचा पीव्हीसी पाइप घ्या आणि प्लॅस्टरच्या आधी पाणी सोडून बघा. तांब्याच्या नळ्यांची टोकं बंद करून आत नायट्रोजनचा दाब ठेवून द्या. फर्निचरवाल्याने ड्रिल मारून नळी फोडली तर दाब उतरलेला दिसेल आणि रंगकामाच्या आधीच कळेल.

तांब्याच्या नळ्या आणि फ्लेअर

दीड टनाला बहुधा पाव इंची आणि अर्धा इंची नळी लागते. एक टनाला जाड नळी अनेकदा तीन-अष्टमांश इंचाची असते. जाडी ०.८ मिमी. आर-३२चा दाब जुन्या मशीनमधल्या आर-२२ गॅसपेक्षा बराच जास्त. ३५ अंशांच्या दुपारी बंद मशीनमध्येसुद्धा तो ३०० पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं एकक) घरात असतो. त्यामुळे स्वस्त पातळ नळी नको.

दोन्ही नळ्यांना वेगवेगळं इन्सुलेशन हवं. बारीक नळीला उघडी सोडण्याची किंवा दोन्ही एकाच फोममध्ये घालण्याची पद्धत चुकीची आहे. स्प्लिट एसीत गॅसचा दाब आउटडोअरमध्येच उतरवलेला असतो, त्यामुळे बारीक नळीही थंडगार असते, तिच्यावर दव धरतं आणि तेच पाणी फॉल्स सीलिंगवर डाग पाडतं. काळा नायट्राइल फोम चांगला. उन्हात येणाऱ्या भागावर मात्र टेप किंवा पीव्हीसी केसिंग हवं, कारण उघडा फोम उन्हाने भुगा होतो.

फ्लेअर म्हणजे नळीचं तोंड शंकूसारखं पसरवून नटाने आवळायचा सांधा. गळतीचा पहिला संशयित हाच. नळी कटरने कापायची, करवतीने नाही. तोंड खाली धरून आतली धार काढायची, म्हणजे तांब्याचा कीस आत पडत नाही. नट आधी नळीत सरकवायचा. पसरवलेली कड चकचकीत, एकसारखी आणि चिरविरहित हवी. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ दिसली तर कापून पुन्हा करायला सांगा. नट आधी हाताने चार-पाच फेरे सहज फिरला पाहिजे, मग दोन पाने लावून आवळायचा: एक धरायला, एक फिरवायला. पाव इंचाला १४ ते १८ न्यूटन-मीटर, तीन-अष्टमांशाला ३४ ते ४२, अर्ध्या इंचाला ५० ते ६१. टॉर्क पाना फार कमी जणांच्या पिशवीत असतो, पण विचारायला काय हरकत आहे. सैल नट गळतो हे सगळ्यांना कळतं. जास्त आवळल्याने फ्लेअर कापला जातो आणि तीन-चार महिन्यांनी गळू लागतो, हे मात्र लक्षात येत नाही. टेफ्लॉन टेप किंवा एम-सील लावताना दिसलं तर थांबवा. हा सांधा धातूवर धातू बसूनच बंद होतो.

कंपनी सोबत साधारण ३ मीटर नळी देते. अंतर त्याहून कमी असेल तरी नळी फार छोटी करू नका, कॉम्प्रेसरचा आवाज आत येतो. उरलेली नळी मोठ्या, आडव्या वेटोळ्यात ठेवा. वाकवताना कुठे चपटी झाली तर तो तुकडा बदलावाच लागतो.

नायट्रोजन, व्हॅक्यूम, मगच गॅस

आउटडोअरमध्ये गॅस कारखान्यातच भरलेला असतो आणि दोन व्हॉल्व्हने बंद असतो. नळ्या जोडल्यावर इनडोअर आणि नळ्यांमध्ये असते ती साधी हवा आणि तिच्यातला दमटपणा. ती काढण्याचा एकच योग्य मार्ग म्हणजे व्हॅक्यूम पंप.

आधी गळतीची चाचणी. आउटडोअरचे व्हॉल्व्ह बंद ठेवून नळ्यांमध्ये कोरडा नायट्रोजन भरायचा, साधारण ४०० पीएसआयपर्यंत आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या आत. सिलिंडरमध्ये याच्या कितीतरी पट दाब असतो, त्यामुळे रेग्युलेटरशिवाय जोडू देऊ नका. सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं आणि काटा १५ ते ३० मिनिटं स्थिर आहे ना ते बघायचं. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कधीही नाही. कॉम्प्रेसरचं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

नायट्रोजन सोडून दिल्यावर पंप जोडायचा. २० ते ३० मिनिटं पंप चालवून ५०० मायक्रॉनच्या खाली यायचं (मायक्रॉन हे व्हॅक्यूमचं माप, आकडा जितका कमी तितकी आत हवा कमी), पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं थांबायचं. मायक्रॉन थोडे वाढून स्थिरावले तर ठीक. वाढतच राहिले तर गळती आहे किंवा ओल शिल्लक आहे. दाब मोजण्याच्या साध्या गेजवर काटा शून्याखाली शेवटाला टेकलेला दिसतो, पण ओल गेली की नाही हे तो सांगत नाही. मायक्रॉन गेज नसेल तर निदान अर्धा तास पंप आणि पंधरा मिनिटं थांबणं यात तडजोड नको.

याऐवजी बरेच जण आउटडोअरचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडून आतल्याच गॅसने हवा बाहेर ढकलतात. फुस्स असा आवाज येतो, दोन मिनिटांत काम झालं. यात मोजून भरलेला गॅस वाया जातो आणि ओल आतच राहते. आर-३२च्या मशीनमधलं तेल ओल शोषून घेतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगचा लाख खातं. बिघाड वॉरंटीनंतर येतो, त्यामुळे दोष कोणाच्याच माथी बसत नाही. शिवाय आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि जळताना विषारी वाफ सोडतो. बंद खोलीत तो सोडणं कधीही चूक. बुकिंग करतानाच ‘व्हॅक्यूम पंप आणणार का?’ हे विचारून घ्या.

व्हॅक्यूम टिकला की एलन कीने (षटकोनी किल्लीने) दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचे आणि टोप्या घट्ट बसवायच्या. टोपी ही शोभेची नाही, गळती रोखणारं दुसरं कुलूप आहे. हरवलेल्या टोप्यांमुळे मशीन रिकामी झालेली सापडतात.

नळी पाटीवर दिलेल्या अंतरापेक्षा लांब असेल तर जादा गॅस लागतो. पाव इंची नळीला दर मीटरमागे साधारण १५ ते २० ग्रॅम. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. तो वजनकाट्यावर मोजून भरायचा. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो आणि दाबही त्याबरोबर हलतो, म्हणून नुसता गेज बघून ‘अजून थोडा’ भरणं हा अंदाजपंचे कारभार.

वायर जोडणी आणि पहिली सुरुवात

इनडोअर-आउटडोअरमधली वायर एकसंध हवी, मध्ये जोड नको. टर्मिनलचे आकडे दोन्हीकडे जुळायला हवेत, वायरच्या टोकाला थिंबल (दाबून बसवायची धातूची टोपी) हवं आणि स्क्रू आवळल्यावर ओढून बघायचं. सैल टर्मिनल तापतं, काळं पडतं आणि शेवटी पेट घेऊ शकतं. आउटडोअर उघडायचं असेल तर एमसीबी बंद करूनही दहा मिनिटं थांबायचं, कारण आतले कपॅसिटर वीज धरून ठेवतात.

चालू केल्यावर १६ अंश आणि पूर्ण पंखा ठेवून १५ ते २० मिनिटं जाऊ द्या. मशीनच्या वर आत जाणारी हवा आणि खालून येणारी हवा यांत ८ ते १२ अंशांचा फरक पडला पाहिजे. साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो. अतिदमट दिवशी फरक थोडा कमी येतो. क्लॅम्प मीटरने (वायरभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या मीटरने) करंट पाटीवरच्या कमाल आकड्याच्या आत आहे ना तेही बघून घ्या. पाटीचा आणि सीरियल नंबरचा फोटो, तसंच नळीची लांबी आणि भरलेला जादा गॅस बिलावर लिहून घ्या. पुढच्या टेक्निशियनला तोच कागद उपयोगी पडतो.

देखभाल: तुमचं काम आणि त्यांचं काम

फिल्टर तुमचं काम. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी. बाजूला बांधकाम किंवा कच्चा रस्ता असेल तर आठवड्याला. मशीन बंद करा, झाकण उघडा, जाळ्या काढा, धूळ बसलेल्या बाजूच्या उलट बाजूने साध्या पाण्याची धार सोडा. गरम पाण्याने जाळी वाकडी होते. सावलीत पूर्ण वाळवा. ओली बसवली तर कुबट वास येतो. तुंबलेल्या फिल्टरने हवा अडते, कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळला की खोलीत पाणी. बर्फ दिसला तर एसी बंद करून नुसता पंखा चालवा, बर्फ खरवडू नका. फिल्टर साफ केल्यावरही पुन्हा बर्फ आला तर बहुधा गॅसगळती किंवा मंदावलेला ब्लोअर (इनडोअरमधला पंखा), दोन्हींपैकी एक.

वर्षातून दोनदा पाण्याची सर्व्हिस: एकदा होळीच्या आधी आणि एकदा पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या उकाड्यात. मार्चअखेरीस बोलावलं तर रांग मोठी आणि काम घाईचं असतं, म्हणून फेब्रुवारीच बरा. सर्व्हिसमध्ये इनडोअरला पिशवी लावून, सर्किटबोर्ड प्लॅस्टिकने झाकून कॉइल, ब्लोअर आणि ड्रेन ट्रे जेट पंपाने धुतात. धार फिन्सच्या (कॉइलवरच्या पातळ पत्र्यांच्या) रेषेत सरळ हवी. तिरकी मारली की फिन्स दुमडतात आणि हवेची वाट बंद होते. ब्लोअरच्या पात्यांत अडकलेला काळा लगदा बहुतेक जण सोडून देतात, आणि वास येतो तो तिथूनच. हातातल्या टॉर्चने झडपेतून आत बघा. आम्लयुक्त क्लीनरने कॉइल लख्ख दिसते खरी, पण अॅल्युमिनियम झिजतं. तो वापरू देऊ नका.

आउटडोअर आतून बाहेर धुतात, म्हणजे धूळ ज्या वाटेने शिरली त्याच वाटेने बाहेर पडते. इथे आपल्याकडचे दोन खास शत्रू. कबुतरं मागच्या बाजूला घरटं करतात, विष्ठेने फिन्स सडतात. जाळी लावायची तर मोठ्या छिद्रांची आणि कॉइलपासून दूर, हवा अडणार नाही अशी. दुसरी पाल. ती उबेसाठी सर्किटबोर्डवर जाते, दोन टोकांना चिकटते आणि बोर्ड जळतो. वायर जाते त्या भोकांत रबरी बूच बसवून घ्या. उंदीर ड्रेन पाइप आणि फोम कुरतडतात. जमिनीलगतच्या भागाला कडक पीव्हीसी घाला.

नाल्याच्या किंवा खाडीच्या काठावर राहणाऱ्यांना आणखी एक त्रास. तिथल्या हवेतला हायड्रोजन सल्फाइड तांबं काळं करतो आणि कॉइलला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडतो. घरातली चांदी लवकर काळी पडत असेल तर ती खूण समजा. अशा ठिकाणी संरक्षक थर दिलेली कॉइल घ्या आणि रात्री एसी बंद असताना त्या बाजूची खिडकी उघडी ठेवू नका.

‘गॅस संपलाय’

गॅस वापराने संपत नाही. तो बंद चक्रात फिरतो; कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. म्हणून दरवर्षी गॅस भरायला सांगणाऱ्याला पहिला प्रश्न: गळती कुठे आहे, दाखवा. बहुतेक वेळा ती फ्लेअरवर, व्हॉल्व्हच्या टोपीखाली किंवा इनडोअर कॉइलच्या वळणावर सापडते. तेलकट डाग ही त्याची खूण. गळती बंद करून, नायट्रोजनने तपासून, व्हॅक्यूम करून पाटीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस भरायचा. आत गॅस शिल्लक असताना ब्रेझिंगची (धातू वितळवून नळ्या जोडण्याची) ज्योत लावू देऊ नका. आणि पाटीवर जो गॅस लिहिलाय तोच. आर-३२च्या मशीनमध्ये स्वस्तातला दुसरा कुठलाही नाही.

खोलीत अचानक फुसफुस आवाज येऊन गॅस सुटला तर खिडक्या-दारं उघडा, निरांजन, उदबत्ती, शेगडी विझवा आणि मुलांना जमिनीवरून उचलून बाहेर न्या. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. एमसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल किंवा जळका वास येत असेल तर तो वर करत बसू नका; एकदा पडला, एकदा वर केला, पुन्हा पडला की तसाच ठेवून माणूस बोलवा.

तापमानाबद्दल एवढंच: भारतात १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे एसी २४ अंशांवर सुरू होतील असेच बनवले जातात. तिथेच ठेवून छताचा पंखा एकवर लावला तर १८ची गरज सहसा पडत नाही.

घर बदलताना

मशीन काढण्याआधी गॅस आउटडोअरमध्ये गोळा करावा लागतो. कूलिंगवर चालू ठेवून आधी बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, एक-दोन मिनिटांत गेजचा काटा शून्याजवळ आला की जाड नळीचा बंद करायचा आणि लगेच मशीन बंद. हे चालू असताना कुठलाही नट सैल नको. कॉम्प्रेसरने हवा ओढली तर गॅस, तेल आणि हवा एकत्र दाबली जाऊन तो फुटू शकतो. अशाने माणसं जखमी झाली आहेत. गळकं मशीन असेल तर हा प्रकार करूच नये, रिकव्हरी मशीनने (गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरणाऱ्या यंत्राने) गॅस काढावा. मग नळ्यांची आणि व्हॉल्व्हची टोकं बंद करा आणि आउटडोअर उभं ठेवूनच टेम्पोत चढवा. नव्या घरी जुने फ्लेअर कापून नवे करायचे, आणि व्हॅक्यूमपासून सगळं पुन्हा.